शिट्टीचं अंतर

"अरेच्चा, मग हे आधी नाही का सांगायचं!" असं म्हणत दवाखान्यातल्या तपासनिसाने पडद्यावरचा एक पुसून तिथे दोन केला, आणि तिची मुलगी बरी झाली. औषध नाही, सुई नाही, पुन्हा फुंकायलासुद्धा लावलं नाही. दहा मिनिटांपूर्वी ह्याच माणसाने चष्मा कपाळावर चढवून "अठ्ठ्याहत्तर टक्के. श्वास जरा कमी पडतोय, ताई. उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवा, ऐंशीच्या खाली असलं की त्या पंप देतात," असं सांगत पहिली चिठ्ठी तिच्या हातात दिली होती. मुलगी मात्र खुशीत होती. पडद्यावर मेणबत्त्यांची रांग होती, नळीत फुंकलं की त्या एकेक विझत. सहा वर्षांच्या आयुष्यात इतका चांगला दवाखाना तिने पाहिला नव्हता. "परत! अजून एकदा!" ती ओरडत होती, आणि त्या आवाजाने बाहेरच्या बाकावरचा एक म्हातारा उठून आत डोकावून गेला होता. घरात तिला भोंगा म्हणत. जन्मली तेव्हा तिचं पहिलं रडणं ऐकून, भट्टीचा सातचा भोंगा झाला असं समजून दोन शेजारी डबा घेऊन कामावर निघाले होते, असं आजी सांगे. त्यात खरं किती ते आजीलाच ठाऊक.

ती आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, टेकडीवरच्या बंगल्यांच्या इस्त्री केलेल्या चादरी पोचत्या करून तेवढ्यात घामाघूम आत आल्या होत्या. "झालं का गं माझ्या भोंग्याचं फुंकून?" तपासनिसाने सासूबाईंकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग पुन्हा तिच्याकडे, जरा तक्रारीने.

"ह्या कोण?"

"आजी तिची. बापाकडची," उत्तर सासूबाईंनीच दिलं. "का? रंग जुळत नाही? नाक बघा, नाक. नाकात आमच्या भेसळ नाही."

"तसं नव्हे हो, आजी. वंशाचा रकाना असतो मशीनमध्ये. मी ताईंकडे बघून एक टाकला. टेकडीवरच्यांना एक, तुम्हा खालच्यांना दोन. दोनवाल्यांची फुफ्फुसं मुळातच लहान धरायची असतात. म्हणजे मी नाही धरत, मशीन धरतं." त्याने बटण दाबलं. मशीन कुरकुरलं आणि दुसरी चिठ्ठी जिभेसारखी बाहेर आली. "हे घ्या. एक्क्याण्णव! नॉर्मल. सुटलात तुम्ही."

"पण ती एवढीच फुंकलीय ना? तेवढीच?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "आणि ती दोन्हीकडची आहे. मग काय टाकायचं?"

"तिसरा पर्याय आहे की. 'इतर'." तो मनापासून हसला. "पण तो दाबला की मशीन अडकतं. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत सगळे बसा फुंकर गिळून."

दवाखान्यातून घरचा रस्ता उताराचा. वर टेकडी, तिथली झाडं, बंगले, रुंद खिडक्या. मधे दवाखाना, शाळा आणि ती ज्या नोंदणी कचेरीत काम करी ती पिवळी इमारत. आणि मग एकदम रस्ता मान खाली घालतो आणि ट्रकांची रांग लागते, चालू इंजिनांची, आणि रांगेच्या शेवटी भट्टी, जिथे भंगार वितळवून ओतलं जातं. वारा सकाळी टेकडीवरून उतरतो, भट्टीवरून जातो आणि वस्तीत मुक्कामाला येतो. सासूबाई पुढे चालल्या होत्या, आणि परीक्षेचा निकाल लागावा तशा वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, "नॉर्मल आली हो आमची! एक्क्याण्णव!" पंक्चरवाला चाकातून मान वर काढून म्हणाला, "मावशी, एवढे शाळेत पडले तर पेढे... नाही, टायर वाटीन मी." पाववालीने भोंग्याच्या हातात गरम पाव ठेवला. सगळा उतार खूश होता. मागून ती येत होती, एका हातात मुलीचा हात, दुसरा हात पिशवीत, आणि पिशवीत दोन बोटांच्या मधे दोन चिठ्ठ्या. कचेरीत तिचं कामच ते: लोकांनी भरून आणलेले अर्ज तपासायचे आणि अपुरे असले तर परत करायचे. 'रकाना रिकामा ठेवू नका' हे वाक्य ती दिवसातून चाळीस वेळा म्हणे, झोपेतसुद्धा म्हणते असं नवरा सांगे. बारीक अक्षर तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि दोन्ही चिठ्ठ्यांच्या तळाशी, कुणी वाचू नये अशा बारीक अक्षरात, एकच आकडा होता. एक पूर्णांक एक लिटर. फुंकर तीच. पोरगी तीच. एका चिठ्ठीत ती तिची मुलगी होती आणि आजारी होती. दुसरीत ती नवऱ्याची मुलगी होती आणि ठणठणीत होती.

हे हसण्यासारखं होतं, आणि ती खरोखर एकदा हसलीही, मोठ्याने. भोंग्याने वर पाहिलं. "आई, काय झालं?" "काही नाही गं. पाव खा." मग तिला बाबा आठवले. बाबा वाईट नव्हते. लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही, जेवण सोडलं नाही. फक्त टेकडीवरच्या त्या रुंद खिडकीत उभं राहून खाली बोट दाखवलं, जिथे नेहमीसारखा एक करडा थर बसला होता, दुधावर साय धरावी तसा. "तिथे राहणार तू? त्यांचं ठीक आहे. त्यांना सवय असते. त्यांची छातीच वेगळी असते गं, पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर काढल्यात." ते इतक्या समजूतदारपणे म्हणाले होते की तिला वाटलं, असेलही. हीच आता लाज होती. तेव्हा तिला वाटलं होतं, असेलही. आणि नवऱ्याच्या रुंद छातीकडे बघून थोडं सुरक्षितही वाटलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यांची ओळखच अशी झाली: ती दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, अंधारात, घाबरून धापा टाकत, आणि वरून कुणीतरी, चेहरा न दिसणारं, म्हणत होतं, "बाई, श्वास मोजा. मी शिट्टी वाजवतो, शिट्टी संपेपर्यंत सोडायचा." अशी लांब शिट्टी तिने कधी ऐकली नव्हती. चाळीस मिनिटं तो शिट्टी वाजवत पाना फिरवत होता. दार उघडलं तेव्हा तिला आधी त्याचे बूट दिसले, मग तेलकट हात, मग दात. "ही शिट्टी वडिलांची," तो नंतर म्हणाला, "घर नाही, जमीन नाही, तेवढी ठेवून गेले." भोंग्याचा रंग पुढे दोघांच्या मधेच कुठेतरी थांबला, लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकावी तसा, आणि त्यावर नवरा म्हणे, "ही एकच अशी आहे जी मी दुरुस्त करणार नाही."

बाबांनी लग्नात हवा शुद्ध करणारं झाड दिलं होतं, कुंडीसकट. तीन महिने ती त्याची पानं ओल्या फडक्याने पुसत राहिली, रोज फडकं काळं होई, आणि चौथ्या महिन्यात झाडाने राजीनामा दिला. तेव्हापासून सकाळी उठल्यावर खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून बघायची सवय तिला लागली. मग भोंगा झाली, आणि बोटाबरोबर कानही लागले. पहाटेचे खोकले ती मोजे. सोमवार सतरा, मंगळवार बावीस, वारा पडला त्या दिवशी चाळीस. नवरा म्हणे, तू आई आहेस की मीटर? सासूबाई म्हणत, पोरं खोकतातच, घसा साफ ठेवायला. कोणी ऐकत नसे म्हणून ती मोजतच राहिली, एकटी, आणि आज पहिल्यांदा एका कागदाने तिची बाजू घेतली होती. पूर्ण दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत तिला भीतीबरोबर दुसरंही काहीतरी वाटलं होतं. आनंद? छे, आनंद कसा म्हणायचं. पण कुणीतरी आपल्याला खरं मानलं की जे वाटतं ते.

घर तीन खोल्यांचं. पुढची खोली ट्रकांच्या अंगणावर उघडणारी, तिथे सगळे झोपत. मधे स्वयंपाक आणि इस्त्रीचं टेबल. आणि मागची, सगळ्यात चांगली, ती चादरींची. तिच्या खिडकीच्या फटींत ओल्या चिंध्या ठासलेल्या, दाराला आतून जाड पडदा, वर पंखा, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर टेकडीवरच्या पांढऱ्याशुभ्र चादरी, हॉस्पिटलात पेशंट निजावेत तशा शांत. त्या खोलीत शिरायचं तर पाय धुवून. कारण बाहेर वाळत घातली तर अर्ध्या तासात पांढऱ्या चादरीवर मिरपूड पडे. "गिऱ्हाइकाचं पांढरं आत, पोटचं काळं बाहेर," असं सासूबाई म्हणत आणि खदाखदा हसत, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ते ऐकून तीही हसली होती. धंद्याची रीत होती ती. घरातल्या कुणाचेही कपडे गडद रंगाचे, आणि टेकडीवर समज असा की खालच्यांना गडदच आवडतं, उपजतच. आज ती पाय न धुता दाराशी उभी राहिली, पडदा सारून आत नाक खुपसलं, आणि श्वास घेतला. साबणाचा, ओल्या कापडाचा, स्वच्छ. असा श्वास ती टेकडीवर अठ्ठावीस वर्षं घेत होती आणि एकदाही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला. तिने दोन्ही चिठ्ठ्या इस्त्रीच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. त्याने वाचल्या, डोकं खाजवलं.

"सोपं आहे. उद्या एक नंबरची दाखव, पंप घे, विषय संपला."

"म्हणजे ती तुझी नाही असं सांगू?"

"कागदावरच ना गं. कागदावर तर मी गेल्या वर्षी दोन महिने मेलेलो होतो, तुमच्याच कचेरीने मारलेलं."

"चेष्टा करू नकोस. अरे, एक नंबरची दाखवली तर पंप मिळेल, पण मग मी म्हणतेय की खालच्यांचं तेच खरं, त्यांना कमीच पुरतं, फक्त माझी मुलगी त्यांतली नाही. आणि दोन नंबरची दाखवली तर..."

"तर?"

"तर ती खोकत राहील आणि नॉर्मल राहील."

त्याने भोंग्याला खांद्यावर घेऊन "चला, लिफ्ट वर!" म्हणत तिला छताला लावून आणलं, कारण गप्प राहणं त्याला जमत नसे. भोंग्याची किंकाळी तिसऱ्या घरापर्यंत गेली. त्या किंकाळीच्या शेवटी, अगदी शेवटी, एक बारीक खरखर होती. ती तिने ऐकली. त्यानेही ऐकली असावी, कारण त्याने पोरीला जरा लवकरच खाली ठेवलं.

पहाटे तेहतीस खोकले झाले. तेहतिसाव्यानंतर भोंगा पुन्हा झोपली आणि ती मात्र उठून स्वयंपाकाच्या खोलीत आली. इस्त्रीच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. सासरे तिने पाहिले नव्हते. भट्टीवर एकतीस वर्षं, आणि मग लवकरच गेले. पण त्यांच्या त्या डब्याबद्दल घरात सगळ्यांना अभिमान. कंपनी दरवर्षी कामगारांना फुंकायला लावी, आणि सासऱ्यांनी एकतीस चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या, पदकं जपावीत तशा. वर प्रत्येकीवर ठळक शिक्का: नॉर्मल. तिने दोरा सोडला. शिक्के बघितलेच नाहीत. तळाचं बारीक अक्षर शोधलं. वंश: दोन. आणि लिटर. पहिल्या वर्षी तीन पूर्णांक सहा. मग साडेतीन. तीन पूर्णांक तीन. ती पानं उलटत गेली आणि आकडा जिना उतरत गेला, एकेक पायरी, कुठे न अडखळता. वय झालं की श्वास घटतोच, एवढं तिला माहीत होतं, ती उगाच टेकडीवरून आली नव्हती. पण शेवटच्या चिठ्ठीत दोन पूर्णांक तीन होते आणि वर तोच शिक्का, तसाच निळा, तसाच खूश.

"काय शोधतेस?"

सासूबाई दारात, केस विस्कटलेले, इस्त्री तापवायला उठलेल्या. ती चोरी करताना सापडल्यासारखी झाली. काहीतरी खोटं सांगावं असं मनात येऊन गेलं, आणि मग सांगून टाकलं. सगळं. रकाना, लहान धरलेली छाती, तळाचा आकडा. हळूहळू, कचेरीत अडाणी माणसाला अर्ज समजावतात तसं. आणि सासूबाई ऐकत होत्या, हातात इस्त्री धरून, ती थंडच. संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "म्हणजे तो खरंच कमी होत होता?"

"हो, आई."

"म्हणजे माझे कान चांगले होते?"

तिला कळेना. सासूबाई स्टुलावर बसल्या. "अगं, तो सुटला की भट्टीच्या फाटकातून शिट्टी मारायचा. मी इथून ऐकायची आणि चहा टाकायची. चहा उकळेपर्यंत हा दारात. लग्न झालं तेव्हा फाटकातून. मग काही वर्षांनी म्हणे, मी मारली की शिट्टी, ऐकली नाहीस? मला पंक्चरवाल्यापासून ऐकू आली. मग खांबापासून. मग कोपऱ्यावरून. शेवटी दारात उभा राहून मारायचा आणि म्हणायचा, म्हातारे, बहिरी झालीस तू. मी म्हणायची, असेल बाबा. तू तर नॉर्मल आहेस, शिक्काच आहे तुझ्याकडे." त्या बोलता बोलता हसायला लागल्या होत्या, आणि हसताना डोळे पुसत होत्या, कुठलं पाणी कशाचं ते ओळखता येत नव्हतं. "नऊ वर्षं, पोरी! नऊ वर्षं कानात तेल घालत होते मी! दोनदा कानवाल्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणे, आजी, तुमचे कान मांजरासारखे आहेत. मी म्हटलं, मेल्याला काही कळत नाही!"

ती जमिनीवर तशीच बसून राहिली, मांडीत एकतीस चिठ्ठ्या. तिला वाटलं होतं की मोजणारी आपण एकटीच. आणि इथे ही बाई, अंतराने, चहाच्या आधणाने, बिनचूक मोजत बसली होती, आणि आपल्याच कानांना खोटं ठरवत होती. बाहेर सातचा भोंगा झाला. आतून पोरीने त्याला साद दिली, नेहमीसारखी. सासूबाईंनी मान तिरकी करून ती साद ऐकली. पूर्ण, शेवटच्या खरखरीपर्यंत. मग उठल्या, इस्त्री तशीच थंड टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डबा घे. दवाखाना किती वाजता उघडतो?"

दवाखान्यात रांग होती. वस्तीतल्याच बायका, दोघं म्हातारे, कडेवर पोरं. सासूबाई रांग न मोडता, पण रांगेलाही काही कळू न देता, थेट मशीनसमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तपासनिसाने चष्मा खाली घेतला.

"आजी, तुमची चिठ्ठी कुठाय? डॉक्टरांनी लिहून दिलंय का?"

"मी लिहून देते तुला. नळी आण. आणि एक नंबर लाव."

"अहो, तुम्हाला एक कसा लावू?"

"का? मशीन काय माझं तोंड बघतं? ते फुंकर बघतं. लाव."

"आजी, नियम आहे..."

"बाळा, मी पंचेचाळीस वर्षं तुमच्या टेकडीच्या चादरी धुतेय. कुणाच्या घरात कोण कुणाच्या चादरीत असतं ते मला विचार. वंश मला शिकवतो!"

रांगेत हशा पिकला. तपासनीस लाल झाला; मग, माणूस मुळात विनोदी, त्याने हात जोडले आणि एक लावला. सासूबाईंनी गाल फुगवून फुंकलं. पडद्यावरच्या मेणबत्त्या अर्ध्याच विझल्या. चिठ्ठी आली: बासष्ट. त्याने दोन लावून पुन्हा काढली: बहात्तर. तो दोन्ही कागदांकडे बघत राहिला, जणू रोजच्या वाटेवर त्याला पहिल्यांदाच खड्डा दिसला होता. "माझंही एक नंबरवर काढ," मागून एक जण म्हणाली. "माझंही." "आणि ह्या कार्ट्याचं." "मला इतर लाव," एक म्हातारा म्हणाला, "बघू तर खरं कसं अडकतं ते!" "नको, नको!" सगळ्याच एकदम ओरडल्या.

या गलक्याने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टेकडीवरच्या, थकलेल्या, हातात अर्धा कप गार चहा. ती पुढे झाली. बोलायचं वाक्य तिने रस्ताभर घोकलं होतं, पण ऐन वेळी ते गेलं, आणि तिने नुसत्या दोन्ही चिठ्ठ्या पुढे केल्या, आणि बोट तळाच्या आकड्यावर ठेवलं. "हा रकाना वाचा," ती म्हणाली. "ही माझी आहे आणि ह्यांचीही आहे. दोन्ही चिठ्ठ्या घ्या. एक परत करायची असेल तर कारण लिहून द्या." बोलल्यावर लक्षात आलं, हा आपला कचेरीतला आवाज.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. बराच वेळ. "माझ्या टेबलावर फक्त टक्का येतो," त्या शेवटी म्हणाल्या. "लिटर मी..." पंप लिहून दिला. मग सासूबाईंच्या मांडीवरचा डबा पाहिला, उघडला, दोन चिठ्ठ्या वाचल्या आणि विचारलं, "हे एक दिवस माझ्याकडे ठेवाल?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "इथे बसून बघा. चहा गरम करून आणायला सांगा आणि बघा."

आणि डॉक्टरीणबाई बसल्या, बाकावर, बायकांच्या मधे. त्या दिवशी त्या मशीनचा कागदाचा रोल दोनदा संपला.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाय धुतले नाहीत. सरळ चादरींच्या खोलीत गेल्या आणि एकेक चादर दोरीवरून ओढून काढायला लागल्या. पुढच्या खोलीतली गादी मागे आली, भोंग्याची उशी आली, मागोमाग भोंगाही. फटींतल्या चिंध्या पुन्हा भिजवून ठासल्या. चादरी गेल्या पुढच्या खोलीत, ट्रकांच्या अंगणाकडच्या दोरीवर. "आई, गिऱ्हाइकं जातील," ती घाबरून म्हणाली; घाबरणं काही एका दिवसात जात नाही. "जातील त्यांना रस्ता उताराचा नाही, चढाचा आहे. दमून परत येतील," सासूबाई म्हणाल्या. "भट्टी त्यांची, चादर त्यांची. मग ठिपका काय माझा?" दोन गिऱ्हाइकं खरंच गेली. एक बाई भांडायला म्हणून उतरल्या आणि खिडकीच्या चौकटीला बोट लावून, न भांडताच परत चढल्या. आणि एका दुपारी बाबांचा फोन आला. "अगं, चादरींवर काळे ठिपके येताहेत हल्ली."

"हो बाबा," ती म्हणाली. "सवय होईल."

मग बाबा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "पोरीचा खोकला कसा आहे?" लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी हे विचारलं होतं. तिने आकडा सांगितला. अकरा. त्यांनी लिहून घेतल्यासारखं वाटलं.

हे सगळं काही सुटलं नव्हतं. भट्टी तिथेच होती, ट्रक तिथेच, आणि बोट फिरवलं की बोट काळंच होई. पण कचेरी सुटल्यावर आता ती उतारावर, घरापासून रोज जरा लांब, थांबे. तिथून घर दिसत नसे. सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे भोंगा साडेपाचला दारात उभी राहून, छाती भरून, एकच हाक मारी: "आई!" पहिल्या आठवड्यात तिला ती कोपऱ्यावर ऐकू आली. मग एके दिवशी खांबापाशी. आज पंक्चरवाल्याच्या दुकानाशी ती उभी राहिली, श्वास धरून, आणि ट्रक घरघरत होते, आणि पंक्चरवाला चाक ठोकत होता. "जरा थांबा हो!" तिने हात वर केला. त्याने हातोडी हवेतच धरली. काही नाही. काही नाही. आणि मग, बारीक, वाऱ्यातून, ती आली. वारा पालटला असेल, लगेच तिच्या मनात आलं. की मलाच वाटलं?

"ऐकलं का हो तुम्ही?"

"काय, तुमचा भोंगा?" पंक्चरवाला म्हणाला. "ताई, ती तर मला रोजच ऐकू येते. तुमचे कान दाखवून घ्या."

ती जी हसत सुटली, ती उतार संपेपर्यंत. दारात सासूबाई उभ्या होत्या, भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून, आणि आत चहाचं आधण अजून उकळायचं होतं.

"कुठपर्यंत आली?" त्यांनी विचारलं.